तपासणीपासून गोळीपर्यंत : नगर जिल्ह्यातला एचआयव्ही आणि आरोग्य कर्मचारी

एचआयव्हीची लागण झालेल्या माणसाला आज रोज एक गोळी घ्यावी लागते. टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोलुटेग्राविर ही तीन औषधं त्या एकाच गोळीत असतात. सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी उपचारांच्या केंद्रात ती मोफत मिळते आणि नेमाने घेतली तर काही महिन्यांत रक्तातले विषाणू इतके कमी होतात, की तपासणीत ते सापडतही नाहीत. असा माणूस शेती करतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. शरीरसंबंधातून त्याच्या जोडीदाराला लागण होत नाही, हेही आता पक्कं सिद्ध झालं आहे. एवढं सगळं हाताशी असताना माणसं अजून क्षयाने खंगून, वजन निम्म्यावर आल्यावर दवाखान्यात का येतात? गोळ्या सुरू केलेला माणूस वर्षभराने नाहीसा का होतो? याची उत्तरं औषधाच्या डबीत नाहीत. तपासणीपासून गोळीपर्यंत आणि आजच्या गोळीपासून उद्याच्या गोळीपर्यंत रुग्णाला घेऊन जाणारी जी माणसं आहेत, त्यांच्या कामात ती आहेत. समुपदेशक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, उपकेंद्रातल्या नर्सबाई, आशाताई, वस्तीत फिरणारे क्षेत्रीय कार्यकर्ते, आणि स्वतः एचआयव्हीसह जगत दुसऱ्याचा हात धरणारे लोक.

हा आढावा अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यापुरता घेतला आहे. लोकांच्या तोंडी अजून नगरच आहे, म्हणून इथेही तेच नाव ठेवतो. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, १४ तालुके. अकोल्याच्या डोंगरातल्या माणसाला नगरचं सिव्हिल हॉस्पिटल शंभरावर किलोमीटर दूर पडतं. मध्ये प्रवरा-गोदावरीचा ऊसपट्टा आणि साखर कारखाने, दक्षिणेला पाथर्डी-शेवगाव-जामखेडचा अवर्षणी भाग, जिथून माणसं ऊसतोडीला कोयता घेऊन बाहेर पडतात. पुणे-औरंगाबाद आणि नगर-मनमाड हे सतत वाहणारे रस्ते, शिर्डी-शिंगणापूरची गर्दी, एमआयडीसीत खोल्या करून राहणारे तरुण. एचआयव्हीच्या कामाला जेवढ्या अडचणी असू शकतात, तेवढ्या या एका जिल्ह्यात भेटतात. आणि या कामाची दोन मोठी उदाहरणंही इथेच उभी राहिली.

मागचा काळ थोडक्यात सांगायला हवा. देशातली पहिली लागण १९८६ साली चेन्नईत उघडकीस आली. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी ती शोधली. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. १९९८ मध्ये राज्याची एड्स नियंत्रण संस्था आली. महाराष्ट्र तेव्हा देशातल्या सर्वाधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांपैकी एक होता आणि आजही सर्वाधिक रुग्ण इथेच आहेत. त्या दशकात डॉक्टरच्या हातात देण्यासारखं फारसं काही नव्हतं. औषधं होती, पण वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर खर्चाची. २००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि गरीब देशांत उपचार होऊ शकतात, हे मान्य करणं जगाला भाग पडलं. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी मोजक्या आठ सरकारी रुग्णालयांत सुरू झाली. महाराष्ट्रातलं, मुंबईचं जे.जे. रुग्णालय त्यात होतं. म्हणजे नगरच्या रुग्णाला गोळ्यांसाठी मुंबई गाठणं आलं. नंतर जिल्ह्यात केंद्र झालं, तालुक्यांच्या ठिकाणी त्याला जोडलेली, गोळ्या देणारी लिंक केंद्रं झाली आणि तो हेलपाटा हळूहळू कमी झाला.

त्या आधीच्या, औषध हाताशी नसलेल्या वर्षांत भिंतीभिंतीवर कवट्या रंगवून ‘एड्स म्हणजे मृत्यू’ असं सांगितलं गेलं. हेतू सावध करण्याचा असेल, पण त्याने दवाखान्यातल्या माणसांच्याही मनात भीती घर करून बसली. आज गोळीने आजार आटोक्यात आला तरी ती भीती उतरलेली नाही, आणि आरोग्य कर्मचाऱ्याचं अर्धं काम तिच्याशीच चालू असतं.

आता जामखेड. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य या दुष्काळी तालुक्यात आलं आणि त्यांनी समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेली एक बाई, बहुतेकदा निरक्षर, बहुतेकदा दलित किंवा परित्यक्ता, आठवड्याला जामखेडला यायची, शिकायची आणि गावात परतून बाळंतपणं, जुलाब, लसीकरण, क्षय, कुष्ठरोग हे सगळं पाहायची. प्रकल्पाच्या गावांत १९७१ च्या सुमारास हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होत होते. दोन-अडीच दशकांत तो आकडा तिशीच्या आत आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्येच या कामाची दखल घेतली. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या काळात आशाताई हे पद कुणाच्या कल्पनेतही नव्हतं, तेव्हा तिचं काम जामखेडच्या बायका करत होत्या. आशा योजना आली २००५ मध्ये.

एचआयव्हीच्या संदर्भात जामखेडची मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट बालमृत्यूची नाही, कुष्ठरोगाची आहे. आरोळ्यांनी कुष्ठरुग्णांसाठी वेगळी वसाहत, वेगळा दवाखाना काढला नाही. सर्वसाधारण रांगेत, सगळ्यांबरोबर त्यांना तपासलं. गावातली आरोग्यसेविका अशा रुग्णाच्या घरी जायची, त्याच्या जखमा धुवायची, त्याच्याकडचा चहा प्यायची. भाषणाने जे झालं नसतं ते गावाने डोळ्यांनी पाहिलं म्हणून झालं. एचआयव्ही आला तेव्हा या बायकांना कलंक म्हणजे काय, हे नव्याने शिकवावं लागलं नाही. पुढे प्रकल्पाच्या खडकतच्या शेतावर एचआयव्हीबाधित स्त्रियांना कामही मिळालं आणि आसराही.

पण जामखेडचा नमुना एचआयव्हीला जसाच्या तसा लागू पडत नाही. जामखेडच्या सेविकेचं बळ ती गावातलीच आहे यात होतं. कुणाची सून पोटुशी आहे, कुणाच्या पोराला खोकला आहे, तिला सगळं ठाऊक. एचआयव्हीच्या रुग्णाला नेमकी याचीच धास्ती असते. आशाताई त्याच्या भावकीतली असते, तिची जाऊ आणि त्याची बहीण एका बचतगटात असतात. म्हणून नेवाशाचा माणूस नेवाशात तपासणी करत नाही, नगरला जातो. नगरचा पुण्याला जातो. एआरटी केंद्रात पलीकडच्या जिल्ह्यातली माणसं दिसतात ती अंतर चुकीचं मोजल्याने नव्हे, ओळख टाळायची म्हणून येतात. या आजारात आरोग्य कर्मचाऱ्याला रुग्णाच्या फार जवळ जावं लागतं आणि ती जवळीक चारचौघांपासून लपवावीही लागते. दोन्ही एकदम साधणं हेच या कामाचं खरं कसब आहे, आणि प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात त्याला मिळतो जेमतेम एखादा तास.

दुसरं उदाहरण नगर शहरातलं. १९८९ मध्ये गिरीश कुलकर्णी या तरुणाने चित्रा गल्लीतल्या वेश्यावस्तीत जायला सुरुवात केली. आधी तिथल्या मुलांसाठी, मग त्यांच्या आयांसाठी. त्यातून स्नेहालय ही संस्था उभी राहिली. काही वर्षांतच वस्तीतल्या बायका आणि मुलं एचआयव्हीने आजारी पडू लागली. घरात, गावात, शाळेत कुणी उभं करत नव्हतं अशा मुलांसाठी एमआयडीसीतल्या प्रकल्पात घर झालं, दवाखाना झाला. पुढे इसळकला हिंमतग्राम झालं, जिथे बाधित माणसं शेती करून राहतात. आसपासच्या जिल्ह्यांतही अशी ठिकाणं उभी राहिली. पंढरपूरला मंगलताई शहांची पालवी, लातूरजवळ हासेगावला रवी बापटले यांचं सेवालय, बीड जिल्ह्यात पालीला दत्ता बारगजे यांचं इन्फंट इंडिया. दुष्काळी मराठी मुलखात, सरकारी यंत्रणा अजून चाचपडत असताना ही कामं सुरू झाली, हे नोंदवलं पाहिजे.

चित्रा गल्लीसारख्या वस्तीतल्या कामाचा कणा म्हणजे पीअर. म्हणजे त्याच धंद्यातली, त्याच वस्तीतली बाई, जी बाकीच्यांपर्यंत निरोध पोचवते, कोणाला पांढरं जातंय, कोणाला जखम आहे हे हेरून गुप्तरोगांच्या सुरक्षा क्लिनिकला नेते, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करायला लावते. नॅकोच्या लक्ष्यगट प्रकल्पांत हे पद सर्वत्र आहे. सांगलीत मीना सेशू यांच्या संग्राम संस्थेने १९९२ पासून हेच काम करून दाखवलं, आणि पुढे तिथल्या बायकांनी वॅम्प नावाची स्वतःची संघटना बांधली. ‘निरोध नसेल तर गिऱ्हाईक नको’ असं एकटी बाई म्हणू शकत नाही. तिचं गिऱ्हाईक शेजारच्या खोलीत जातं. सगळ्या खोल्यांनी एकदम म्हटलं तरच ते टिकतं, आणि सगळ्या खोल्यांना एकत्र आणणं बाहेरच्या डॉक्टरला जमणारं नाही. ते पीअरलाच जमलं. आता धंदा वस्तीतून लॉजवर, घरांत, मोबाइलवर गेला आहे. गल्ली ओस पडत चालली तशी पीअरची पायवाटही पुसट झाली. आज कुणाला गाठायचं, कुठे गाठायचं, हे तिच्यापुढचं नवं कोडं आहे.

आता जरा आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या खोलीत डोकावू. ग्रामीण रुग्णालयात ही खोली बहुधा प्रयोगशाळेच्या बाजूला असते. एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, कुलपाचं कपाट, भिंतीवर १०९७ या मोफत हेल्पलाइनचं पोस्टर. आलेल्या माणसाशी समुपदेशक आधी बोलतो. कशासाठी आलात, भीती कशाची वाटते, गेल्या तीन महिन्यांत काय घडलं. संबंध आल्यापासून काही आठवडे लागण असूनही तपासणीत दिसत नाही, त्यामुळे कधीकधी तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगावं लागतं. संमती घेतल्यावर रक्त काढलं जातं आणि नळीवर नावाऐवजी क्रमांक चढतो. तंत्रज्ञ पहिल्या किटवर तपासतो. काही निघालं नाही तर विषय तिथेच संपतो. काही निघालं तर वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन किटवर तोच नमुना तपासतात. तिन्ही जुळले तरच ‘पॉझिटिव्ह’ लिहायचं. हा निकाल फक्त त्या माणसाला, फक्त समुपदेशकाने, समोरासमोर सांगायचा. बाहेर भाऊ बसला असला तरी त्याला नाही, मेहुणा डॉक्टर असला तरी त्यालाही नाही.

निकाल ऐकल्यावर माणूस आधी मरणाचं विचारेल असं वाटतं. बरेचदा तो विचारतो, घरी कळेल का? त्या क्षणी समुपदेशक काय बोलतो, घाईने बोलतो की थांबून, यावर तो माणूस आठवड्याने एआरटी केंद्रात दिसणार की गायब होणार हे ठरतं. बायकोला, नवऱ्याला सांगण्याची तयारी करून घ्यायची, त्यांची तपासणी करायची, मुलं असतील तर त्यांची करायची, रडू येऊ द्यायचं, आणि हे सगळं बाहेर बाकावर चारजण वाट पाहत असताना. सांगताना बाईच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी लागते. गरोदरपणात तपासणी सक्तीसारखीच होत असल्याने घरात लागण आधी तिची कळते, आणि नवऱ्यामुळे झालेल्या आजाराचा ठपका तिच्यावर बसतो. तिला घरी एकटीने सांगायला पाठवू नये, नवऱ्याला दुसऱ्या निमित्ताने बोलावून दोघांची एकत्र तपासणी करून निकाल एकत्र द्यावा, ही युक्ती समुपदेशकांनी कामातूनच शोधली. तिने कित्येक बायकांचा संसार वाचला, काहींचा मारही.

आई आणि बाळ हा या सगळ्या कामातला सर्वांत यशस्वी भाग आहे, आणि सर्वांत गुंतागुंतीचाही. उपचार नसतील तर बाधित आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर उपचार असतील तर ती पाच टक्क्यांच्या खाली, आणि आईच्या रक्तात विषाणू सापडत नसतील तर त्याहून पुष्कळ खाली जाते. पूर्वी प्रसूतीच्या वेळी नेव्हिरापिनची एक गोळी देत. या क्षेत्रात पुण्याच्या संस्थांनी पायाभूत काम केलं. डॉ. विनय आणि डॉ. संजीवनी कुलकर्णी यांच्या प्रयासने खासगी प्रसूतिगृहांपर्यंत हा कार्यक्रम नेला. आज गरोदर बाईला निदान झालं की लगेच एआरटी सुरू होते आणि ती आयुष्यभर चालते.

गावपातळीवर हे असं होतं. आशाताई नोंदणीसाठी गरोदर बाईला उपकेंद्रात आणते. नर्सबाई बोटाच्या टोकाला टोचून एका थेंबावर एचआयव्ही आणि गर्मीची प्राथमिक तपासणी करते. त्यात शंका आली तरी तिथे काही बोलायचं नाही. ‘मोठ्या दवाखान्यात एक रक्त परत बघायचंय’ एवढंच सांगून आयसीटीसीला पाठवायचं. निदान पक्कं झालं की गोळ्या, दवाखान्यातच बाळंतपण, बाळाला जन्मानंतर निदान सहा आठवडे नेव्हिरापिनचं औषध. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेला टोचून जाड कागदावरच्या गोलांत रक्ताचे थेंब सुकवायचे आणि मोठ्या प्रयोगशाळेला पाठवायचे. मग पुढच्या तपासण्या, आणि दीड वर्षाने शेवटची. तोवर आईचा जीव टांगणीला.

या दीड वर्षात आपल्याकडची एक रीत आडवी येते. पहिलं बाळंतपण माहेरी. बाईची नोंदणी सासरच्या उपकेंद्रात राहुरीला, आणि सातव्या महिन्यात ती माहेरी जाते गेवराईला. गोळ्या नगरहून, बाळंतपण बीडला, टाचेचं रक्त कुणी घ्यायचं? माहेरच्या नर्सबाईला काही माहीत नसतं, कारण बाईने माहेरी सांगितलेलं नसतं. इथे सासरच्या बाजूच्या समुपदेशकाने फोनवर दुसऱ्या जिल्ह्यातल्या समुपदेशकाला गाठून, बाईच्या संमतीने, सहाव्या आठवड्याची तारीख कळवली तरच बाळाची तपासणी होते. संगणकावर नोंद असते हे खरं, पण बाईला ‘उद्या या’ म्हणणारा माणूसच असावा लागतो.

दुसरी आडकाठी अंगावरच्या दुधाची. बाधित आईने पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध द्यावं असं शास्त्र सांगतं. दूध आणि वरचं खाणं एकत्र झालं की बाळाच्या आतड्याला इजा होऊन लागणीचा धोका वाढतो. घरी आजी मध चाटवते, बाळगुटी उगाळते, ‘दूध पुरत नाही’ म्हणून पाणी घातलेलं गाईचं दूध पाजते. आजीला कारण सांगता येत नाही, कारण तिला आजार ठाऊक नाही. हुशार नर्सबाई तेव्हा एचआयव्हीचं नावच काढत नाही. बाळाचं वजन काट्यावर दाखवते, जुलाबाची भीती घालते, ‘सरकारचा नियम आहे आजी, सहा महिने पाणीसुद्धा नाही’ असं दरडावते. हा नियम सगळ्याच बाळांना लागू आहे, त्यामुळे ती खोटंही बोलत नाही आणि गुपितही राखते. एवढी समज कुठल्या मार्गदर्शिकेत लिहिलेली नाही.

गोळ्या सुरू झाल्यावरचा प्रवास जन्मभराचा असतो. पूर्वी शरीरातल्या सीडी४ पेशी २०० च्या खाली उतरल्याशिवाय औषध मिळत नसे. मग ती मर्यादा ३५०, ५०० अशी वर गेली आणि २०१७ पासून निदान होताच उपचार असा नियम आला. हा बदल कागदावरच राहू नये म्हणून एआरटी केंद्रातल्या माणसांना राबावं लागतं. प्रत्येक भेटीला वजन करायचं आणि चार प्रश्न विचारायचे : खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. एचआयव्हीबाधितांचा सगळ्यात मोठा शत्रू अजूनही क्षय आहे आणि तो या चार साध्या प्रश्नांतून लवकर सापडतो. गर्दीच्या दिवशी हे प्रश्न विचारायचे राहून जातात, आणि त्याची किंमत कोण मोजतो ते सांगायला नको. वर्षातून एकदा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी, शिल्लक गोळ्यांची मोजणी, आणि तारीख उलटून गेलेल्यांची यादी. त्या यादीवरच्या माणसांना शोधायला क्षेत्रीय कार्यकर्ता निघतो. त्याने गावात जाऊन सरळ पत्ता विचारला तर संपलंच. म्हणून तो कधी बचतगटाचा, कधी विम्याचा माणूस होऊन जातो. गाडी लांब लावतो, दवाखान्याची पिशवी घेत नाही.

रुग्णही तेवढीच खबरदारी घेतात. डबीवरचं लेबल खरडून काढायचं, गोळ्या वाजू नयेत म्हणून आत कापूस घालायचा, किंवा त्या व्हिटॅमिनच्या डबीत ओतायच्या. एकत्र कुटुंबातल्या बाईला गोळीसाठी रात्रीचा एक निवांत क्षण मिळवणं हेच रोजचं दिव्य असतं. ‘एकही चुकवू नका’ असं सांगणं सोपं आहे. चांगला समुपदेशक विचारतो, ठेवता कुठे? घरात कोणाला माहीत आहे? पाहुणे आले की काय करता? त्या उत्तरांवर गोळीची वेळ ठरते.

आणि मग ऊस. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होतात आणि पाथर्डी-जामखेडची जोडपी सांगली-कोल्हापूर-कर्नाटकात जातात, बीडची इकडे प्रवरा-गोदावरी काठी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्याची मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि उसाच्या फडाजवळ पालापाचटाची कोपी. पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने हाच पत्ता. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून कापतो. गोळ्या आणायला जायचं म्हणजे मजुरी बुडणार, वर दंड, वर ‘कशाला चाललास’ याचं उत्तर. असा माणूस तारखेला येत नाही तेव्हा त्याला बेजबाबदार म्हणणं अन्यायाचं आहे. यावरचे उपाय माहीत आहेत. स्थिरावलेल्या रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात. उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक दाखवून दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रातूनही घेता येतात. २०२० च्या टाळेबंदीत रुग्णांना जास्त महिन्यांचा साठा एकदम दिला गेला, काही ठिकाणी घरपोच गेला, आणि व्यवस्था कोसळली नाही. मग हंगामापूर्वी, टोळ्या निघण्याच्या आधीच्या पंधरवड्यात, स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक रुग्णाला बोलावून साठा द्यावा आणि तो जिथे चालला तिथल्या केंद्राचा फोन हातात द्यावा, हे नेमाने व्हायला हवं. जिथे समुपदेशक रुग्णाला नावाने ओळखतो तिथे ते होतं. जिथे समुपदेशक दर वर्षी बदलतो तिथे होत नाही.

रुग्णापर्यंत औषध नेण्याचं हे काम देशाबाहेरही झालं आहे. हैतीत डॉ. पॉल फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून खेड्यातल्या सामान्य माणसांना पगार देऊन रुग्णांच्या घरी औषधं पोचवली. गरीब अशिक्षित लोक एवढी औषधं वेळेवर घेऊच शकत नाहीत, असं तेव्हा मोठमोठे तज्ज्ञ म्हणत होते. त्यांना तिथे उत्तर मिळालं. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डॉक्टरांची कामं परिचारिका आणि आरोग्यसेवकांकडे सोपवण्याची अधिकृत शिफारस केली. जामखेडला हे तीस वर्षं आधी ठाऊक होतं, पण सरकारी एचआयव्ही कार्यक्रमाने जामखेडकडून हवं तेवढं घेतलं नाही, असं माझं मत आहे. कार्यक्रम दवाखान्याच्या खोलीतच राहिला. आशाताईला गरोदर बाईपलीकडे यात फारसं स्थान दिलं गेलं नाही. तिला गुपित राखता येणार नाही, असं गृहीत धरलं गेलं. गुपित राखायला शिकवता येतं. कुटुंबनियोजनाची, गर्भपाताची, घरातल्या मारहाणीची कितीतरी गुपितं तिच्या पोटात असतातच.

दवाखान्याच्या आतल्या भेदभावाबद्दल बोललंच पाहिजे. रुग्णाच्या केसपेपरवर लाल अक्षरात लिहिणं, खाटेवर पाटी लावणं, शस्त्रक्रियेची तारीख पुढे पुढे ढकलणं, बाळंतिणीला शेवटच्या खाटेवर ठेवणं, ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून पुढच्या दवाखान्यात धाडणं, हे अजून घडतं, आणि खासगीत जास्त घडतं. याच्या मुळाशी टोचण्याची भीती आहे, आणि ती खोटी ठरवून हसण्यासारखी नाही. बाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्का, म्हणजे हजारात तीन. ७२ तासांच्या आत, आणि जमल्यास पहिल्या दोन तासांतच, औषध सुरू करून ते २८ दिवस घेतलं तर ती जवळपास नाहीशी होते. प्रश्न असा की रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयातल्या सफाई कामगाराला कचऱ्याच्या पिशवीतली सुई टोचली, तर ते औषध कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे त्याला माहीत असतं का? डॉक्टरला माहीत असतं, नर्सला बहुधा असतं. सुई सर्वांत जास्त वेळा ज्याच्या हाताला लागू शकते, त्याला अनेकदा हातमोजेही धड मिळत नाहीत. कर्मचाऱ्याला सुरक्षित वाटलं तर तो रुग्णाला दूर लोटत नाही.

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, निकाल गुप्त, नोकरीत-शाळेत-दवाखान्यात भेदभाव नाही, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना सुरक्षिततेची साधनं व औषध देणं संस्थेवर बंधनकारक. २० किंवा अधिक माणसं असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमायचा आहे. आपल्या दवाखान्यातला तो अधिकारी कोण, हे किती परिचारिका सांगू शकतील याची मला शंका आहे.

आणि ज्यांच्यावर हे सारं उभं आहे ती माणसं कंत्राटी आहेत. समुपदेशक, तंत्रज्ञ, केंद्रातले माहिती भरणारे, बहुतेक सगळे ठोक मानधनावर, वर्षावर्षाच्या करारावर, कित्येक जण पंधरा-वीस वर्षं. पीअर आणि क्षेत्रीय कार्यकर्त्यांचं मानधन तर त्याहून तोकडं, आणि प्रकल्पाचा निधी लांबला की तेही थकतं. या खात्यात रुग्णाचा विश्वास हीच मुख्य जमा असते आणि ती एका माणसाच्या नावावर असते. तो समुपदेशक नोकरी सोडून गेला की त्याची खुर्ची भरता येते, पण त्याच्याशी बोलणारी दोनशे माणसं नव्या माणसापुढे तोंड उघडायला वर्ष लावतात. औषधांचंही तसंच. २०२२ च्या जुलैत बाधित लोकांना दिल्लीत नॅकोच्या कार्यालयासमोर औषधटंचाईविरुद्ध धरणं धरावं लागलं. साठा कमी असला की केंद्रातला कर्मचारी महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या देतो आणि शिव्या त्यालाच बसतात.

उपचार यशस्वी झाल्याने काही नवी कामंही आली आहेत. जन्मतः लागण झालेली मुलं, जी पाच वर्षंही जगणार नाहीत असं एके काळी म्हटलं जायचं, ती आता विशीत आहेत. देशात मुलांसाठी मोफत एआरटी २००६ च्या अखेरीस सुरू झाली, तेव्हाची ही पिढी. लहानपणी वजनावरून डोस ठरवणाऱ्या नर्सबाईने त्यांना ‘ही ताकदीची गोळी’ म्हणून सांगितलेलं असतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला खरं कधी, कोणी, कुठल्या शब्दांत सांगायचं, याचा निर्णय आजी-आजोबा समुपदेशकावर सोडतात. स्नेहालयसारख्या संस्थांतून बाहेर पडलेल्या मुलामुलींना नोकरी हवी, भाड्याची खोली हवी, लग्न हवं. बाधितांचे वधू-वर मेळावे राज्यात होतात आणि त्यातून लग्नं जमतात, मुलं होतात, आणि बहुतेक मुलं निरोगी जन्मतात. सहाव्या आठवड्यात बाळाची टाच टोचून घ्यायला येणाऱ्या आईचं लहानपणी त्याच केंद्रात वजन झालेलं असतं.

दुसऱ्या टोकाला पन्नाशी-साठी ओलांडलेले रुग्ण. वीस वर्षं गोळ्या घेतलेल्या, व्हायरल लोड न सापडणाऱ्या माणसाला आता साखर आहे, रक्तदाब आहे, किडनीची तक्रार आहे, हाडं ठिसूळ होत आहेत. त्याला एआरटी केंद्र सोडून दुसऱ्या ओपीडीत जायला नको असतं, कारण तिथे पुन्हा सगळं सांगावं लागतं. म्हणून त्याच केंद्रातली नर्स आता दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघते, साखरेच्या गोळीची चौकशी करते, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कुठे अडकला ते विचारते, एसटीच्या सवलतीचा दाखला पाहते. चार प्रश्नांच्या जागी आता दहा झाले आहेत, आणि खोली तेवढीच आहे.